मुलांसोबत मंकी ब्रेड: नवशिक्या पालकांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

ज्यांना रोजच्या पोळ्या येतात त्यांना हिची गरज नाही, आणि ते ही वाचणारही नाहीत, कारण त्यांना वेळ नसतो. ही आहे शनिवारी रात्री मोबाइलवर एक व्हिडिओ पाहणाऱ्यांसाठी. त्यात पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली दोन मुलं हसत हसत कणकेच्या गोळ्या साखरेत घोळवत असतात. मैदा कुठेही सांडलेला नसतो. व्हिडिओ संपतो आणि तुम्ही म्हणता, "उद्या आपण करूया का?" घरातल्या ज्या व्यक्तीला हा प्रश्न विचारला जातो ती बहुधा उत्तर देत नाही. हे मौन म्हणजे संमती नव्हे, हा नवशिक्यांसाठी पहिला धडा.

पदार्थाची ओळख

मंकी ब्रेड हा अमेरिकेतला गोड नाश्ता. यीस्ट घातलेल्या मऊ कणकेच्या छोट्या गोळ्या करायच्या, वितळलेल्या लोण्यात बुडवायच्या, दालचिनी आणि साखरेत घोळवायच्या, भांड्यात एकावर एक रचायच्या आणि भाजायच्या. भट्टीत लोणी आणि साखरेचा पाक होतो. भांडं ताटात उपडं केलं की तो वरून ओघळतो. मग सुरीबिरी न घेता सगळ्यांनी हातानेच एकेक गोळी ओढून खायची. मुलांना हा पदार्थ का आवडतो ते यावरून लक्षात येईल: घरात ज्या गोष्टींसाठी एरवी बोलणी बसतात, त्या सगळ्या इथे कृतीतच लिहिलेल्या आहेत.

याचा पूर्वज हंगेरीतला. तिथे याला ऑरॉन्यगॉलुश्का म्हणतात. त्यात अक्रोडाची पूड असते आणि वरून व्हॅनिलाचं पातळ कस्टर्ड घेतात. हंगेरीतून अमेरिकेत गेलेल्या लोकांबरोबर तो तिकडे पोहोचला, विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथल्या घरांत रुळला, आणि १९८० च्या दशकात नॅन्सी रेगन यांनी व्हाइट हाउसच्या नाताळच्या मेजवानीत त्याला जागा दिली. आज अमेरिकेतल्या कितीतरी घरांत कणीक मळण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. सुपरमार्केटातून तयार कणकेची डबी आणायची, तुकडे करायचे, भट्टीत ढकलायचं. आपल्याकडे ती डबी सहजी मिळत नाही, म्हणून आपल्याला पूर्ण मार्गदर्शिका लागते.

तोडून खायचा ब्रेड आपल्याला नवा मात्र नाही. लादी पाव तोच. फरक एवढाच, की लादीतले पाव फुगताना एकमेकांना चिकटतात आणि तोडले की कडेला पांढरे, कापसाळ धागे दिसतात. मंकी ब्रेडच्या दोन गोळ्यांमध्ये लोण्याचा थर असतो. त्यामुळे त्या शेजारी राहतात, पण एकजीव होत नाहीत. सख्ख्या भावंडांना हे तत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

मनुष्यबळ

एक प्रौढ आणि दोन मुलं हे आदर्श प्रमाण. एकट्या मुलाला कंटाळा येतो. तीन असली की दोघांचा पक्ष होतो आणि तिसरं रडत बाहेर जातं. वय चार ते दहा. चारच्या आतली मुलं साहित्य खातात. दहाच्या पुढच्यांना मतं असतात.

आजी घरात असतील तर त्यांना पाहणी समिती समजावं. त्या खुर्ची घेऊन दारात बसतील आणि "एवढं लोणी?" असं अधूनमधून म्हणतील. उत्तर द्यायचं नाही. हो, एवढंच.

आता घरातली दुसरी प्रौढ व्यक्ती, म्हणजे जिच्या ओट्यावर हे सगळं चालणार आहे ती. ती आज रजेवर आहे. "मोठी परात कुठंय?", "मैदा कुठल्या डब्यात?" आणि "जरा दूध कोमट करून देतेस?" या तीन प्रश्नांपैकी एक जरी विचारलात तरी रजा रद्द झाली असं समजावं. परात शोधणं हा कृतीचाच भाग आहे. ती ओट्याखालच्या कप्प्यात, कुकरच्या मागे असते.

साहित्य

कणकेसाठी: मैदा ५०० ग्रॅम, दूध २७५ मिलिलिटर, साखर ५० ग्रॅम, लोणी ६० ग्रॅम, एक अंडं, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम.

घोळवण्यासाठी: लोणी १०० ग्रॅम, ब्राउन शुगर १५० ग्रॅम, दालचिनीची पूड दोन चहाचे चमचे.

अंडं चालत नसेल तर त्याऐवजी तीन मोठे चमचे दही. ब्राउन शुगर म्हणजे थोडी मळी असलेली साखर. ती नसेल तर कोल्हापुरी गुळाची पावडर घ्या, पाकाला खमंगपणा येतो आणि पाहणी समितीचंही समाधान होतं. बाजारातलं पिवळं बटर बहुधा खारवलेलं असतं. ते वापरणार असाल तर कणकेतलं मीठ निम्मं करा.

ही मापं ग्रॅममध्ये का, असा प्रश्न येईल. कमलाबाई ओगले यांनी 'रुचिरा'मध्ये वाटी आणि चमच्याची मापं दिली आणि मराठी घरातल्या कितीतरी नव्या गृहिणींना स्वयंपाक सोपा केला. आमटीला वाटी पुरते, कारण आमटी पातळ झाली तर उकळता येते. ब्रेडचं तसं नाही. तीच वाटी हलक्या हाताने भरली तर त्यात एक वजन मावतं, आणि सहा वर्षांच्या मुलाने चमच्याने ठोकून ठोकून भरली तर त्याहून बरंच जास्त. ब्रेडला मैदा आणि पाणी यांचा हिशोब नीट लागतो. तेव्हा डिजिटल वजनकाटा घ्या आणि तो मुलांच्या ताब्यात द्या. ४९७ वरून ५०० वर जायला लागणारी चिमूट मुलं ज्या गांभीर्याने टाकतात ते पाहण्यासारखं असतं. मोठ्यांना एवढा धीर नसतो. ते ५१२ वर "चालतंय" म्हणतात.

भांडी

मधे नळी असलेलं, कडेला पन्हळी असलेलं बंट पॅन हे या ब्रेडचं रूढ भांडं. मिनियापोलिसच्या नॉर्डिक वेअर कंपनीने ते १९५० मध्ये बाजारात आणलं. मधल्या नळीमुळे उष्णता आतूनही पोहोचते आणि मधल्या गोळ्या कच्च्या राहत नाहीत. ते नसेल तर ९ इंची, खोल, गोल केक टिन घ्या. भाजायला आठ-दहा मिनिटं जास्त लागतील, एवढंच. तळ सुटा निघणारा टिन मात्र घेऊ नका. पाक फटीतून गळतो, ओटीजीच्या खालच्या रॉडवर पडतो, आणि मग शेजारचे विचारायला येतात.

वेळापत्रक

पाककृतींवर 'वेळ: ३५ मिनिटं' असं छापलेलं असतं. ती भट्टीतली वेळ. बाकीचा हिशोब असा. नऊ वाजता सुरुवात. मोजणं, कोणी काय मोजायचं यावरचा वाद आणि एकत्र करणं, साडेनऊ. मळणं, पावणेदहा. पहिलं फुगणं, अकरा. गोळ्या, पावणेबारा. दुसरं फुगणं, बारा पंचवीस. भाजणं, एक. निववणं, एक वाजून दहा. म्हणजे नाश्ता तयार होतो तेव्हा कुकरच्या तीन शिट्ट्या झालेल्या असतात.

ज्यांना हा नाश्ता खरोखर नाश्त्याला हवा आहे त्यांनी सगळा कारभार आदल्या संध्याकाळी करावा. गोळ्या रचून झाल्या की भांडं झाकून फ्रिजमध्ये ठेवायचं. गारठ्यात यीस्टचं काम थांबत नाही, मंदावतं. रात्रभरात कणीक हळूहळू फुगते आणि चवही वाढते. सकाळी बाहेर काढून पाऊण-एक तास ठेवायचं आणि भाजायचं. अमेरिकेत नाताळच्या सकाळी हा ब्रेड जमतो त्याचं रहस्य हेच. पहाटे चारला उठून मळणारी माणसं तिथेही फारशी नाहीत.

कृती

पायरी १: हात धुणे. साबणाने, कोपरापर्यंत, नखांसकट. ही औपचारिकता समजू नका. कणीक मळताना नखांतला सगळा मळ निघून येतो आणि हात स्वच्छ होतात. तो मळ कुठे जातो याचा विचार आधीच केलेला बरा.

पायरी २: दूध कोमट करणे. हे काम मोठ्यांचं. यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे, आणि ती जिवंत आहे. दूध ३७ ते ४० अंश असावं. साठीच्या आसपास गेलं की यीस्ट मरतं, आणि मेलेल्या यीस्टचा ब्रेड फुगत नाही, तो फक्त होतो. थर्मामीटर नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाका. गरम लागला नाही, गारही लागला नाही, की बरोबर. बाळाच्या बाटलीच्या काळात हे तुम्ही रोज करत होता. करत नसाल, तर जी व्यक्ती करत होती ती आज रजेवर आहे.

इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात मिसळलं तरी चालतं. तरीही ते दुधात, चमचाभर साखरेसोबत दहा मिनिटं ठेवा. यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. वर फेस येतो. फेस आला म्हणजे यीस्ट जिवंत आहे, आणि मुलांना पुढच्या चार तासांसाठी एक पाळीव प्राणी मिळालेला आहे. त्याला नाव ठेवायचं असेल तर ठेवू द्या. भट्टीत त्याचं काय होणार ते इतक्यात सांगू नका.

पायरी ३: एकत्र करणे. परातीत मैदा, उरलेली साखर आणि मीठ मिसळा. मधे खळगा करा. त्यात यीस्टचं दूध आणि फेटलेलं अंडं ओता. मुलांना कालवू द्या. दोन मिनिटांनी दोघांचे चारही हात चिकट होतील आणि नेमक्या त्याच वेळी एकाला नाक खाजवायचं असेल. ते खाजवून देणं हेसुद्धा प्रौढाचं काम.

या टप्प्यावर "आणखी मैदा घाला" असा सल्ला दारातून येईल. घालू नका. ही कणीक चिकटच असते. सुरुवातीला मैदा वाढवला की शेवटी गोळ्या कडक होतात.

पायरी ४: मळणे. पोळीची कणीक पाच मिनिटांत होते. इथे पुरणपोळीच्या कणकेसारखं तिंबावं लागतं, दहा-बारा मिनिटं, ६० ग्रॅम लोणी थोडं थोडं घालत. ढकलायचं, दुमडायचं, वळवायचं. मैद्यातली प्रथिनं पाण्यासोबत ग्लूटेनची जाळी विणतात, आणि यीस्टने सोडलेला वायू तीच जाळी धरून ठेवते. मुलं पहिली दोन मिनिटं जिवाच्या आकांताने मळतात. तिसऱ्या मिनिटाला त्यांना तहान लागते. उरलेली दहा मिनिटं तुमची. झालं की नाही ते पाहायला लहानसा तुकडा घेऊन दोन्ही हातांनी हळूच ताणा. न फाटता पातळ पडदा झाला आणि त्यातून खिडकीचा उजेड दिसला, की थांबा. हा पडदा मुलांना बोलावून दाखवावा; ती परत यायला एवढं कारण पुरतं.

पायरी ५: पहिलं फुगणं. कणीक उभ्या कडांच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, तिच्या उंचीला बाहेरून रबर बँड लावा आणि वर ओला पंचा झाका. दुप्पट झाली की तयार. मे महिन्याच्या पुण्यात हे पाऊण तासात होतं. डिसेंबरात दीड तासही लागतो. थंडीत बंद ओटीजीत, नुसता दिवा लावून ठेवा. दिव्याची ऊब पुरते. दिवा लावताना चुकून रॉड लागलेला नाही ना, हे दोनदा पाहा.

या वेळात मुलं दर चार मिनिटांनी पंचा उचलतील. उचलू द्या. कणीक लाजत नाही. तुम्ही मात्र हा तास सोफ्यावर घालवू नका. परात आत्ता धुवायची असते. वाळलेली कणीक काढायला नंतर दुप्पट वेळ जातो.

पायरी ६: गोळ्या करणे. छोट्या लिंबाएवढ्या, २० ग्रॅमच्या आसपास. एवढ्या कणकेच्या पंचेचाळीसहून थोड्या जास्तच होतात. सगळ्या सारख्या व्हायला हव्यात असं नाही, पण सुपारीएवढी आणि पेरूएवढी शेजारी शेजारी गेली तर एक करपते आणि दुसरी कच्ची राहते. म्हणून वजनकाटा पुन्हा बाहेर काढा. थोरली वजन करेल, धाकटा वळेल.

धाकटा एकच गोळी वळत राहील. ती आधी गोल होते, मग साप होते, मग पुन्हा गोल, मग चपटी, मग तिला दोन डोळे येतात. ती एकदा मांडीवर पडते आणि त्याच्या चड्डीला पुसून परत येते. काही वेळाने तिचा रंग करडा होतो आणि ती इतकी घट्ट होते की दाबली तरी दबत नाही. जमिनीवर पडलेली गोळी टोपलीत, हा नियम कडक ठेवा. बाकी करडेपणाला हरकत नाही.

कच्ची कणीक खाऊ द्यायची नाही. कच्च्या अंड्याचं सगळ्यांना माहीत असतं. कच्च्या मैद्यातूनही पोट बिघडवणारे जंतू जाऊ शकतात, हे फार जणांना माहीत नसतं. मैदा पांढरा आणि कोरडा असतो, म्हणून तो निर्धोक वाटतो.

पायरी ७: घोळवणे आणि रचणे. लोणी वितळवून कोमट करा. दोन वाडगे ठेवा: एकात लोणी, दुसऱ्यात दालचिनी आणि साखर. एकाने बुडवायचं, दुसऱ्याने घोळवायचं. दोन्ही कामं एकाच मुलाने केली की साखरेत लोणी जातं, साखरेचे खडे होतात आणि खापर दुसऱ्यावर फुटतं.

भांड्याला आधी आतून भरपूर लोणी लावा. मग रचायला घ्या आणि एक गोष्ट लक्षात असू द्या: हा ब्रेड उपडा होणार आहे. तळाला रचलेल्या गोळ्या ताटात वर दिसतील. म्हणून थोरलीच्या गरगरीत गोळ्या तळाला, करडी गोळी मधल्या थरात. ही लबाडी नाही, नियोजन आहे.

रचण्याआधी एक ठराव मंजूर करून घ्यावा: भांड्यात पडलेली प्रत्येक गोळी सर्वांच्या मालकीची. हा सहकाराचा पाया आहे. हा ठराव राहून गेला तर "माझी कुठंय?" या प्रश्नावर सगळा ब्रेड उकलून शोध घ्यावा लागतो. भांडं दोन तृतीयांशच भरा. वरची जागा फुगण्यासाठी आहे. ती मोकळी पाहून कोणालाही आणखी काही सुचू देऊ नका.

पायरी ८: दुसरं फुगणं आणि भाजणं. झाकून अर्धा-पाऊण तास. बोटाने हलकं दाबलं की खळगा सावकाश भरून यायला हवा. लगेच उसळला तर अजून वेळ द्या. भरूनच आला नाही तर उशीर झाला. ताबडतोब भट्टीत घाला. ओटीजी १७५ अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा. मग ३५ मिनिटं. वरचा रॉड जवळ असतो, म्हणून वरची बाजू विसाव्या मिनिटाला तांबूस दिसू लागली तर फॉइल झाका. पहिल्या दहा मिनिटांत दार उघडू नका. मुलांना काचेसमोर पाट टाकून बसवा. कडेने पाक रटरटू लागला आणि वरचा रंग खमंग बदामी झाला, की काढा.

पायरी ९: उपडं करणे. हे काम फक्त मोठ्यांचं, आणि मुलं त्या वेळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. पाक उकळत्या पाण्याहून तापलेला असतो आणि अंगावर उडाला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो. दोन्ही हातांत जाड कापड, पूर्ण बाह्या. भांडं बाहेर काढल्यावर पाच ते दहा मिनिटं थांबा. लगेच उपडं केलं तर ब्रेड ढासळतो. वीस मिनिटं थांबलात तर पाक घट्ट होतो आणि अर्ध्या गोळ्या भांड्यातच राहतात. वर मोठं ताट पालथं धरा, एका दमात उलटा आणि ताट ओट्यावर टेकवूनच श्वास सोडा. मग मुलांना आत बोलवा.

खाताना कृती अशी काही नाही.

शंकासमाधान

*ब्रेड फुगला नाही.* यीस्ट जुनं होतं किंवा दूध फार गरम होतं. गोळ्या तशाच भाजून घ्या आणि मुलांना बिस्किटं म्हणून द्या. मुलं खातात.

*मधल्या गोळ्या कच्च्या निघाल्या.* ताटातून परत भांड्यात घालायच्या भानगडीत पडू नका. त्या सुट्या करून ट्रेमध्ये ठेवा आणि सात-आठ मिनिटं भाजा.

*आंबूस, दारूसारखा वास येतो.* कणीक जास्त वेळ फुगली. यीस्ट कार्बन डायऑक्साइडसोबत अल्कोहोलही तयार करतं. त्यातलं बरंचसं भाजताना उडून जातं. पाहणी समितीला मात्र हे सांगू नये.

*धाकट्याला त्याची करडी गोळी सापडली.* अभिनंदन करा. ती त्यालाच द्या. ठराव गुंडाळून ठेवा.

*दुसऱ्या दिवसासाठी किती उरवावा?* तो त्याच दिवशी चांगला लागतो. उरलाच तर झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवर गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये मऊ होतो, पण निवला की चामट.

पायरी १०: ओटा

पाककृतींची पुस्तकं 'गरमागरम वाढा' या शब्दांवर संपतात. व्हिडिओ तर त्याआधीच, पाक ओघळतो तिथे संपतो. त्यामुळे वर्षानुवर्षं असा समज झाला आहे की ओटा आपोआप पुसला जातो. तो तसा पुसला जात नाही. या घरात इतकी वर्षं तो कोणीतरी पुसत आलं आहे, आणि नवशिक्याने शिकायची खरी पायरी हीच आहे.

नियम दोनच. कणकेच्या भांड्याला गार पाणी, पाकाच्या भांड्याला कढत पाणी. मैद्याला गरम पाणी लागलं की त्यातला स्टार्च शिजतो, त्याची खळ होते आणि ती घासणीत कायमची बसते. गार पाण्यात दहा मिनिटं भिजवलं की कणीक सैल होऊन निघते. ती मोरीत न सोडता गाळून ओल्या कचऱ्यात टाका, नाहीतर मंगळवारी प्लंबर येईल. पाकाचं उलट. कितीही काळा, कितीही चिवट दिसला तरी तो मुळात साखर आहे आणि साखर पाण्यात विरघळते. भांडं कढत पाण्याने काठोकाठ भरा आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. तारेच्या घासणीची गरज पडत नाही.

हे भांडं उद्या येणाऱ्या मावशींसाठी ठेवायचं नाही. त्यांनी काल तो व्हिडिओ पाहिला नव्हता.

मुलांनाही यात घ्या. गोळ्या वळायला जे हात पुरेसे मोठे होते ते ओटा पुसायलाही पुरेसे मोठे आहेत. धाकट्याला ओलं फडकं द्या, थोरलीला कोरडं. वजनकाट्याच्या फटीतला मैदा जुन्या टूथब्रशने काढा. फ्रिजच्या मुठीला लोणी लागलेलं असेल, दिव्याच्या बटणाला साखर; ही दोन ठिकाणं हमखास राहून जातात आणि संध्याकाळी तिथे मुंग्या दिसतात. शेवटी ओटीजीचा प्लग काढा आणि परात कुकरच्या मागे, जिथून घेतली तिथे ठेवा. आता ब्रेड झाला.

मुलांनी हा ब्रेड केला की घरातले सगळे फोटो काढतात, कुटुंबाच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडतो, आणि ते योग्यच आहे. त्यात गैर काही नाही. मात्र पुढच्या रविवारी याच मुलांना घेऊन पोहे करा. वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे, साहित्य घरात आहे आणि घासायला एकच कढई पडते. फोटो कोणी काढणार नाही. तरीही करा.